चार बोटांची सवड

माणसाला जी शिक्षा भोगावी लागते ती पुष्कळदा त्याने न केलेल्या अपराधाची असते, आणि जो अपराध त्याच्या हातून खरोखर घडलेला असतो त्याची साधी दखलही कोणी घेत नाही. अशा वेळी जगाने आपल्यावर अन्याय केला, असे म्हणण्याचा अधिकार त्याला उरतो की नाही, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. न्यायालयात तो सुटेल, कालांतराने लोकांच्या मनातूनही सुटेल. परंतु दुपारच्या निवांत वेळी खुर्चीत डोळे मिटून पडल्यावर आत जो निवाडा चालतो, त्यात साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश एकच असल्यामुळे तेथे नुसत्या तारखा पडत राहतात. ज्यांना एके काळी सारे शहर ‘साहेब’ या नावाने ओळखत होते, त्या वृद्ध विनोदी नटाची गेली काही वर्षे अशीच अवस्था होती.

त्या दिवशी दुपारी ते आपल्या जुन्या जोडीदाराच्या घरी निघाले होते. इमारत उंच होती. लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर एक बाई आणि तिची लहान मुलगी अशा दोघीच होत्या, आणि मजल्यांची बटणे नेमकी त्या मुलीच्या डोक्यामागे होती. साहेबांनी बटण दाबण्यासाठी हात उचलला, आणि बाईने काही एक न बोलता मुलीला दंडाला धरून आपल्या पाठीशी ओढले. ते अगदी सहज घडले, उकळत्या भांड्याजवळून मूल बाजूला घ्यावे तसे. “कितवा?” बाईने विचारले. “नववा,” साहेब म्हणाले. बटण तिनेच दाबले. साहेबांचा हात मात्र अर्ध्यावरच राहिला होता. तो खाली कसा आणावा हे त्यांना कळेना. रंगमंचावर उचललेला हात निमित्तावाचून खाली आणायचा नसतो, ही जन्मभराची सवय. म्हणून त्यांनी तो डोक्यावरून फिरवला, जेथे फिरवण्यासारखे केस आता राहिले नव्हते. चौथ्या मजल्यावर मायलेकी उतरल्या. दार मिटता मिटता मुलीचा आवाज आत आला, “आई, हे तेच ना, मारणारे?” आणि त्यावर बाईचे, “गप्प बस, ऐकू जातं त्यांना.”

ऐकू जाते. साहेबांना त्या वाक्याचे किंचित हसू आले, कारण ऐकू न जाण्यावरच तर एवढे सारे रामायण घडले होते. लिफ्ट वर चढत राहिली आणि ते आपल्या उजव्या पंजाकडे पाहत राहिले. या हाताने त्यांना अन्न दिले, घर दिले, नाव दिले. पंचविशीच्या आतबाहेर असताना ज्या फिरत्या नाटक कंपनीत ते आणि त्यांचा जोडीदार पडेल ती कामे करीत, तिच्या म्हाताऱ्या मालकांनी दोघांना समोरासमोर उभे करून सांगितले होते, “मारणाऱ्यानं हवेला मारायचं. ज्याला मारलं त्यानं मान फिरवायची. आणि आवाज ज्याला लागली त्यानंच काढायचा. जगात इतरत्र असं नसतं बाळांनो, म्हणून लोक हसतात.” प्रहसन अगदी साधे होते. एक कचेरी, तिच्यात एक मोठा साहेब आणि एक कारकून. चूक नेहमी साहेबाची, आणि थप्पड नेहमी कारकुनाला. साहेबाने ‘म्हणजे चुकलो मीच?’ असे विचारायचे, नाकाने एक श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासाच्या अवधीत कारकुनाने मान वळवून पोटाजवळ, प्रेक्षकांच्या नजरेआड, टाळी वाजवायची. पंजा गालावरून चार बोटांच्या अंतराने निघून जाई. त्या श्वासाला आणि त्या अंतराला मिळून कंपनीत सारे ‘सवड’ म्हणत. सवड दिली की थप्पड खोटी, म्हणून गोड. पहिले कित्येक महिने त्यांनी सामानाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून एवढेच केले: वाक्य, श्वास, मान, टाळी. साहेबांच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीही जोडीदाराने समोरून मान वळवून दाखवली होती आणि नवरदेवाला हसू आवरले नव्हते, ही आठवण त्यांची बायको अजून रागानेच सांगत असे.

मग ती थप्पड सगळीकडे गेली. गावोगाव गेली, रेडिओवर गेली, जेथे ती दिसत नसतानाही लोक पोट धरून हसत; पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर गेली आणि घराघरांत जाऊन बसली. गल्लीत पोरे एकमेकांना ‘म्हणजे चुकलो मीच?’ विचारून हवेत हात फिरवीत. जोडीदाराला पोरांनीच ‘गालोबा’ हे नाव ठेवले, आणि ते इतके चिकटले की त्याच्या दारावरच्या पाटीवरचे खरे नाव पाहून घरी आलेला सुतार चुकीच्या दारात आलो असे समजून परत गेला होता. साहेबांचे चित्र एका गाद्यांच्या कंपनीच्या फलकांवर चढले. चौकाचौकांत ते गादीवर आडवे पडून, एक हात उगारून हसत असत. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि डोक्यावरून शहर कसे दिसते याची माणसाला फार लवकर सवय होते. साहेब बोलत, गालोबा ऐके. मुलाखतीत साहेब सांगत, “आमच्या ह्याला बोलायला लावू नका, हा फक्त वाजतो,” आणि गालोबा शेजारी बसून मान डोलावी. यात कोणाचे काही बिघडत आहे असे त्या काळी कोणालाच वाटले नाही.

नवव्या मजल्यावर ते उतरले. बोळात कोणाच्या तरी घरातून कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर येत होती. दारापुढे पायपुसणे नवे होते. साहेबांनी घंटा वाजवली आणि दोन पावले मागे सरून उभे राहिले. ही नवी सवय त्यांना अलीकडेच लागली होती. दार गालोबाच्या मुलीने उघडले. ती मोटार चालवायला शिकवण्याचा व्यवसाय करी, तिचा आवाज नेहमी शांत, पण पाय कायम ब्रेकवर असल्यासारखा. लहानपणी ती साहेबांच्या खांद्यावर बसून नाटकाच्या गाडीतून हिंडली होती.

“या काका,” ती म्हणाली, आणि आत जाण्याऐवजी दारातच उभी राहिली. “बाबा आतल्या खोलीत आहेत. त्याआधी मला एक विचारायचंय. बसा.”

साहेब स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसले. ओट्यावर भांडी पालथी घातलेली होती, त्यांच्यातून पाणी निथळत होते.

“बाबा उद्या खोटं बोलणार आहेत का?”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सकाळपासून आरशासमोर पाठ करतायत. आणि ऐकू येत नाही म्हणून एवढ्या मोठ्यानं करतायत, की खालच्या मजल्यालासुद्धा पाठ झालं असेल. ‘चूक माझी होती, माझी मान उशिरा वळली.’ खरं आहे का हे?”

उद्याचा कार्यक्रम एका तरुण निर्मातीने ठरवला होता. जुन्या कलावंतांना समोरासमोर बसवून ती त्यांच्याकडून गतकाळ वदवून घेत असे, आणि लाखो लोक ते पाहत. तिचे म्हणणे असे की गालोबाने स्वतःच्या तोंडाने खुलासा केला, तर साहेबांच्या कपाळावरचा डाग पुसला जाईल. शेवटी दोघांनी ती थप्पड एकदा करून दाखवावी, पूर्वीसारखी, आणि मग तिच्या हातातल्या एका मालिकेत आजोबांचे काम साहेबांसाठी तयारच आहे. साहेबांच्या बायकोने हे ऐकून कित्येक दिवसांनी कपाटातली चांगली साडी बाहेर काढली होती. “तुम्ही फक्त गप्प बसा,” ती सकाळी म्हणाली होती. “आयुष्यभर तुम्ही बोललात आणि ते गप्प बसले. एक दिवस उलट करायला काय होतं?” तिच्या बोलण्यात टोमणा होता की विनवणी, हे त्यांना ठरवता आले नाही. या काही वर्षांत तिने वाचनालयात जाणे सोडले होते, कारण तेथल्या बाई पुस्तक देताना नजर वर करीत नसत.

“काका, तुम्हाला राग येईल, पण बोलते,” मुलगी म्हणाली. “बाबांनी सांगितलं की कान आधीपासूनच गेलेला होता, तर ते खरंच आहे, सांगू देत. तुमच्यावरचं बालंट जाईल. पण ‘ऐकू येत नाही म्हणून माझं चुकलं’ असं एकदा त्यांनी म्हटलं ना, की त्यांना पुन्हा कोणी उभं करणार नाही. आत्ता कुठे त्यांना एका नाटकात काम मिळालंय. मुका म्हातारा. एक शब्द नाही, पण पूर्ण दोन अंक. रोज तालमीला जातात, नवीन चपला घेतल्यात. तुमचं सुरू होईल, त्यांचं बंद पडेल. एवढंच माझं म्हणणं.”

“एवढंच,” साहेब म्हणाले.

“आणि चहा टाकलाय,” ती म्हणाली, जणू हेही त्याच तक्रारीत बसत होते.

पाणी निथळण्याचा आवाज चालूच होता. त्या आवाजात साहेबांना ती रात्र पुन्हा दिसू लागली. दिसू लागली असे म्हणणे तरी कितपत बरोबर, ती कधी दृष्टीआड झालीच नव्हती. गालोबाचा डावा कान त्याआधी कित्येक वर्षे निकामी झालेला होता. रंगपटात त्यांनी डावीकडून हाक मारली आणि हा भुवया कोरीत बसला, तेव्हा ते प्रथम कळले. “कुणाला सांगू नकोस,” गालोबा म्हणाला होता. “बहिऱ्याला थप्पड मारताना पाहून लोक हसतील का? तुझा श्वास ऐकू येत नाही म्हणून काय झालं? श्वास घेताना तुझा खांदा वर येतो. तो मला पुरे.” तेव्हापासून तो खांदा पाहून मान वळवी, आणि एकदाही चुकला नाही. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: त्याला, मुलीला आणि साहेबांना. साहेबांनी ती प्राणपणाने सांभाळली, हेही खरे. मग त्या रात्री कोणा व्यापारी मंडळाचा वर्धापनदिन होता. प्रहसन नेहमीचेच चालले होते. साहेबांनी ‘म्हणजे’ म्हणायला तोंड उघडले, आणि कारकुनाने, कधी नव्हे ते, त्यांच्या कोटाच्या बाहीवरचा न दिसणारा एक दोरा अलगद उचलला, दिव्याच्या उजेडात धरून पाहिला, आणि फार मोलाची वस्तू असावी तसा आपल्या खिशात ठेवला. सारे सभागृह फुटले. असे हसू साहेबांनी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते, आणि ते त्यांच्यासाठी नव्हते. ते थांबले. हसू ओसरले. त्यांनी पुन्हा वाक्याला हात घातला, आणि गालोबाने खिशातून तो दोरा पुन्हा काढून दाखवला. लोक आता डोळे पुसत होते. साहेब त्या हशाच्या मध्यभागी उभे होते आणि कोणीच त्यांच्याकडे पाहत नव्हते. त्यांना राग आला. तो क्रोध म्हणावा एवढा मोठा नव्हता, तिळाएवढा असेल. परंतु सवड मोडायला तेवढा पुरतो. वाक्य झाले, श्वास झालाच नाही. हात गेला. पंजाला गालाची ऊब लागली, आणि इतक्या वर्षांत त्या गालाचा स्पर्श आपल्याला प्रथमच होत आहे, हे त्यांना त्याच क्षणी उमगले. गाल मऊ होता, थोडी दाढी वाढलेली होती.

पुढे जे घडले ते केवळ त्या विद्येत मुरलेल्या माणसाकडूनच घडू शकते. गालोबा हेलपाटला, सावरला, आणि सवयीने, नेमाने, पोटाजवळ टाळी वाजवली. आधी खरी थप्पड, मग तिचा खोटा आवाज. सभागृह हसतच राहिले. पण विंगेत उभ्या असलेल्या कोणीतरी ते फोनवर टिपले होते, आणि दोनच दिवसांत ती चित्रफीत जिकडेतिकडे झाली. तीत हात एकदा दिसतो आणि आवाज दोनदा येतो. म्हणून लोक म्हणाले, एका म्हाताऱ्याला दोनदा मारले. वाहिन्यांवर जाणकार बसले, दृश्य मंद करून पाहू लागले. एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले की पहिली थप्पड बेसावध माणसाला होती आणि दुसरी त्याच्या कण्हण्याला. पुढे गालोबा डावा कान तपासायला गेला, ते कोठून तरी बाहेर फुटले, आणि साहेबांनी जोडीदाराचा कान फोडला असे ठरून गेले. साहेबांनी एकच खुलासा केला: “वेळ चुकली.” कोणाची वेळ, ते सांगितले नाही. ज्याला हवे त्याने हवे तसे समजावे, एवढी फट त्यांनी त्या वाक्यात बुद्धिपुरस्सर ठेवली होती, आणि त्या फटीतून कोणी शिरले नाही. गाद्यांचे फलक उतरले. एका चौकात तो उतरवायलाही कोणी आले नाही; त्यावर नुसता पांढरा रंग फासला, आणि पहिल्या उन्हाळ्यात रंगाखालून हात तेवढा पुन्हा उमटून आला. कलावंतांच्या संघाने खेद व्यक्त केला. बक्षीस समारंभाला त्यांना बोलावणाऱ्या शाळेने समारंभच पुढे ढकलला आणि तो पुढेच राहिला. नाभिकाच्या दुकानात त्यांच्या मागे ‘म्हणजे चुकलो मीच?’ म्हणणे बंद झाले. तेथली ती शांतता त्यांना सर्वांत जास्त लागली.

“चहा आत घेऊन जा काका,” मुलगी म्हणाली. “दोन्ही कप.”

आतल्या खोलीत गालोबा इस्त्री करीत होता. त्याच्यापुढे त्याचा कारकुनी काळा कोट पसरलेला होता, आणि उजव्या कानाचे यंत्र मेजावर एका बशीत पडलेले होते. साहेबांना पाहताच त्याने ते उचलून कानात बसवले, आणि सबंध घर दणाणेल अशा आवाजात म्हणाला,

“या साहेब! केवढा वाळलायस रे! बायको जेवायला घालत नाही का?”

“हळू बोल.”

“हळू बोललो तर मला कसं कळणार मी काय बोललो ते? बस. हा कोट बघ. काखेत उसवलाय. पण उद्या हात वर तूच करणार, माझी काख कोण बघतोय!” त्याने चहाचा घोट घेतला. “ऐक. सगळं पाठ झालंय. ‘कान आधीच गेलेला होता. साहेबांनी तो झाकला, माझ्यासाठी. त्या दिवशी माझी मान उशिरा वळली. ह्यांचा काही दोष नाही.’ इथं मी थोडा थांबणार. रडायचं नाही असं ठरवलंय. रडलं की नाटकी वाटतं. कसं वाटतंय?”

साहेबांनी कप खाली ठेवला. खोली लहान होती. गरम झालेल्या लोकरीचा वास तिच्यात भरून राहिला होता. इतकी वर्षे ज्या वाक्याची त्यांनी आतल्या आत तालीम केली होती, ते तोंडातून बाहेर पडताना फारच लहान निघाले.

“उशीर तुझा नव्हता.”

“काय?”

“तुझी मान उशिरा वळली नाही. मी सवड दिली नाही.”

“ते होय!” गालोबा म्हणाला. “ते मला माहीत आहे.”

“तुला माहीत होतं?”

“माहीत नसेल कसं? तीस-पस्तीस वर्षं तुझा खांदा बघतोय मी. बायकोचं तोंड एवढं बघितलं नाही. त्या दिवशी खांदा वर आलाच नाही, हात सरळ आला. मी म्हटलं, चला, आज खरी आहे.” त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “दोऱ्याचा राग आला ना तुला?”

“आला.”

“दोरा चांगला होता पण.”

“फार चांगला होता,” साहेब म्हणाले. “इतक्या वर्षांतली सगळ्यात चांगली गोष्ट होती ती.”

“हे तेव्हाच बोलला असतास तर?” गालोबा हसला. हसताना त्याचा डावा गाल किंचित मागे राही. ते वयाने होते की कशाने, कोण सांगणार.

“मग टाळी का वाजवलीस? लागली होती तुला. टाळी कशाला?”

“अरे, आवाजच आला नाही नीट! खरं सांगू? तुझी खरी थप्पड अगदीच फुसकी. शेवटच्या रांगेपर्यंत पोचलीच नसती. मला लाज वाटली. म्हटलं, लोकांनी तिकिटं काढलीत.”

दारात उभी असलेली मुलगी हसली, आणि आपण हसलो याचा तिलाच राग आल्यासारखी भिंतीकडे वळली. साहेबांना हसू आले नाही. त्यांना एकाएकी फार थकवा वाटला, घाट चढून आल्यावर सपाट रस्ता लागला की वाटतो तसा.

“सगळं माहीत होतं, तर उद्या खोटं कशाला बोलतोस?”

गालोबाने कोटाची कॉलर हाताने सारखी केली. बोलला तेव्हा त्याचा आवाज प्रथमच उतरला होता. “जन्मभर मला लोक विचारत आले, ‘लागतं का हो?’ पोरं, बाया, दुकानदार, सगळे. आणि मी जन्मभर सांगत आलो, नाही हो, आमचं सगळं खोटं असतं, तो मला बोटही लावत नाही. आता एक खरी होती असं म्हटलं, की मागच्या सगळ्या खऱ्या होतात. मग मी कोण? जन्मभर मार खाल्लेला माणूस. तू मारणारा राहशील रे, मारणाऱ्याला काय! मला मार खाल्लेला व्हायचं नाही. त्यापेक्षा बहिरा बरा.”

साहेब ज्याला क्षमा समजून येथवर आले होते, आणि जी घ्यावी की नाकारावी याचा घोळ मनात घालीत होते, ती क्षमा नव्हतीच. तो एका कारागिराचा अभिमान होता, आणि तो जपण्यासाठी हा माणूस उरलेले दोन अंकही द्यायला निघाला होता. उद्या आपण गप्प बसलो तर याचे काम जाते. उद्या आपण खरे बोललो तर याचे सारे आयुष्य जाते. आणि आपल्याला काय मिळणार? एका मालिकेतले आजोबा, बायकोची साडी, नाभिकाच्या दुकानातले एक वाक्य. ते काही थोडे नव्हते. साहेबांनी प्रामाणिकपणे ते तोलून पाहिले, आणि ते थोडे नाही हे त्यांना कळले. लोक त्यांचा जो धिक्कार करीत आले होते तो खोट्या कारणासाठी होता. कान त्यांनी फोडला नव्हता, दोनदा मारले नव्हते. शिक्षेवर लिहिलेला गुन्हा दुसऱ्याच कोणाचा होता. पण ती पोचली होती बरोबर दारी. एखादे टपाल तसे येते, आणि मग ते परत करण्यात अर्थ नसतो.

त्यांनी फोन काढला आणि निर्मातीला लावला.

“मी उद्या येत नाही.”

“सर, असं काय करता? सगळी तयारी झालीय. ही शेवटची संधी आहे, खरंच सांगते. यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही.”

“ठाऊक आहे मला, बाई.”

“ते नाही म्हणतायत का? मी बोलू त्यांच्याशी?”

“नाही, ते तयारच आहेत. नाही मी म्हणतोय. त्यांना त्या रात्रीबद्दल पुन्हा विचारू नका, एवढी विनंती.”

“पण सर, लोक मग आहे तेच खरं धरून चालतील.”

“लोकांनी पाहिलं त्यातलं निम्मं खरं आहे. तेवढं निम्मं मला पुरतं.”

“निम्मं म्हणजे?”

“ते आमच्या दोघांचं आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

गालोबाने यातले किती ऐकले ते कळायला मार्ग नव्हता, पण त्याने सारे पाहिले होते. तो कोट हातात घेऊन उभा राहिला. “मला विचारलंस?” तो ओरडला. “आयुष्यात पहिल्यांदा मला वाक्यं मिळाली होती, ती पण कापलीस! चार वाक्यं! पाठ केली होती मी!” मुलगी पुढे झाली, “बाबा, शेजारी काय म्हणतील,” तर तिच्यावरही तो खेकसला, “शेजाऱ्यांना ऐकू येतं, त्यांचं नशीब थोर!” साहेब मान खाली घालून बसले. या आरोपात तथ्य होते. एवढे करूनही त्यांनी पुन्हा त्याच्या तोंडचे बोलणे काढून घेतले होते. सत्कर्म करतानासुद्धा माणसाची जुनी खोड त्याच्या हाताला धरूनच चालते. ते उठले, गालोबाच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, “तुझ्या नाटकाला मी येईन. शेवटच्या रांगेत बसेन. तुला दोन अंक आहेत, मला एकही नाही. तू मुका म्हातारा आहेस ना? दोऱ्यासारखं काहीतरी कर त्यात. मी मोठ्यानं हसेन.”

गालोबाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. “करू देणार नाही तो दिग्दर्शक. फार शिकलेला आहे.”

“त्याला न विचारता कर.”

“आणि त्यानं मारलं तर?” गालोबा म्हणाला, आणि मग स्वतःच खुर्चीत बसून, एका हाताने कानातले यंत्र सांभाळीत, दम लागेपर्यंत हसला. साहेबही हसले, पण उशिरा आणि हळू. मुलीने कोट उचलून उसवलेल्या काखेत सुई घातली. नाटकात तो कोट लागणार नव्हता, हे तिला माहीत होते. तरी ती शिवत राहिली.

संध्याकाळ होता होता साहेबांनी घरी फोन लावला. झाले ते बायकोला सांगितले; सारे नव्हे, जेवढे फोनवर मावते तेवढे. पलीकडून कपाटाचे दार लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “जेवूनच या त्यांच्याकडे. मी एकटीपुरतं टाकते काहीतरी.” आणि थोडे थांबून, “कसे आहेत हो ते?”

“ओरडतोय,” साहेब म्हणाले.

“बरं आहे मग,” ती म्हणाली.

खिडकीबाहेर समोरच्या इमारतींमध्ये एकेक दिवा लागत होता. लोक कामावरून परतत होते. या जगात कोण हसला, कोणाच्या जिवावर हसला, आणि त्याचे मोल कोणी दिले, याचा हिशेब मांडण्याचे काम माणसाचे नव्हे. त्या खोलीत बसलेल्या तिघांना, आणि दूर आपल्या घरी एकटीसाठी ताट वाढून घेणाऱ्या त्या साध्वीला, त्या रात्री अन्न गोड लागो, गाढ झोप लागो, आणि सकाळी उठल्यावर एकमेकांची तोंडे पाहण्यात त्यांना संकोच न वाटो.